‘तग धरणे’, ‘जुळवून घेणे’ आणि ‘अनुकूलन’ : तापत्या काळातील समुद्रपक्षी

१

हवामान तापत चालले असता प्राणी त्याच्याशी ‘जुळवून घेतात’, असे विधान शास्त्रीय लेखनात आणि वृत्तपत्रांतही वारंवार आढळते. हे विधान चुकीचे नाही; परंतु ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण त्याच्या शब्दयोजनेतच दडलेले आहे. ‘जुळवून घेणे’ या क्रियापदास एक कर्ता लागतो, आणि ज्याच्याशी जुळवावयाचे ते ‘-शी’ या प्रत्ययाने दर्शविले जाते. मात्र हे जुळवून घेणे कोणत्या मोलाने घडले, ते मोल कोणी दिले आणि ते आणखी किती काळ देता येईल, हे सांगण्याची सोय या वाक्यरचनेत नाही. मानवी व्यवहारात हा अनुभव आपणांस परिचित आहे. ‘सुनेने सासरी जुळवून घेतले’ असे म्हटले, म्हणजे घर चालले एवढे कळते. झिजले कोण, ते वाक्य सांगत नाही.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. पक्षिविज्ञानातील निष्कर्ष त्याने त्या शास्त्राच्या अभ्यासकांकडूनच घेतले आहेत. तथापि ज्या शब्दांत हे निष्कर्ष मराठीत मांडावयाचे, त्या शब्दांची तपासणी करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. आणि या विषयात ती तपासणी केवळ शब्दांपुरती राहत नाही, ती वस्तुस्थितीपर्यंत जाऊन पोचते, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

या विवेचनात तीन संज्ञा एकमेकींपासून वेगळ्या ठेवावयाच्या आहेत. पहिली संज्ञा ‘तग धरणे’. यात देह आपल्या अंगच्या यंत्रणेने उष्णता सोसतो. ही काही तासांची, फार तर काही दिवसांची गोष्ट असते. दुसरी ‘जुळवून घेणे’. यात प्राणी आपले वर्तन बदलतो: जागा बदलतो, वेळ बदलतो, अन्न बदलतो. हा बदल एका ऋतूत किंवा एका आयुष्यात घडू शकतो. तिसरी ‘अनुकूलन’. यात कोणताही एक प्राणी बदलत नाही. ज्यांची जन्मजात ठेवण नव्या परिस्थितीस अधिक सोयीची असते ते वाचतात, त्यांची संतती वाढते, आणि अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या जातीचे स्वरूप पालटते. येथे व्याकरणातील कर्ताच बदलतो, हे लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या दोन क्रियांचा कर्ता व्यक्ती आहे, तिसरीचा कर्ता जाती. आणि ही तिसरी क्रिया घडते ती इतर व्यक्ती मेल्यामुळे किंवा निःसंतान राहिल्यामुळे. ‘पक्षी उष्णतेला अनुकूल होत आहेत’ असे सैलपणे लिहिले, म्हणजे हा सर्व भेद पुसला जातो.

२

या भेदाच्या अभ्यासास समुद्रपक्ष्यांइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. पेंग्विन, अल्बट्रॉस, पफिन, गिलेमॉट, बूबी, आपल्याकडील सुरय आणि कुरव इत्यादी मिळून जगात समुद्रपक्ष्यांच्या सुमारे ३६० जाती आहेत. या सर्वांचे अन्न पाण्यात असते, पण अंडे पाण्यात घालता येत नाही. त्यासाठी त्यांना कोरड्या जागेवर यावे लागते. म्हणजे एकाच देहाने दोन जगांत वावरावयाचे, असा हा संसार आहे. पाणी हे हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून थंड समुद्रात बुडी मारणाऱ्या पक्ष्यांचा देह उष्णता राखण्यासाठी घडला आहे: दाट, जलरोधक पिसे, त्वचेखाली चरबीचा थर, आणि उड्डाण व बुडी या दोहोंसाठी लागणारा जलद चयापचय. समुद्रात हीच ठेवण तारक ठरते. तोच पक्षी उन्हात अंड्यावर स्थिर बसला, म्हणजे ती त्याच्या अंगावरची न उतरविता येणारी घोंगडी होते.

दुसरी गोष्ट त्यांच्या आयुष्याच्या हिशोबाची आहे. बहुतेक समुद्रपक्षी दीर्घायुषी असतात, उशिरा वयात येतात आणि फार थोडी अंडी घालतात. भटक्या अल्बट्रॉसची मादी साधारणतः दहा वर्षांची झाल्यावर पहिले अंडे घालते, आणि एका वेळी एकच. गिलेमॉटही एका हंगामात एकच पिलू वाढवितो. अशा पक्ष्याच्या दृष्टीने स्वतःचे आयुष्य हे मुद्दल होय आणि एका वर्षीचे अंडे हे व्याज होय. वर्ष वाईट आले तर व्याज सोडावे आणि मुद्दल राखावे, ही या पक्ष्यांची जुनी रीत आहे.

या रीतीचे ठळक उदाहरण म्हणजे १९८२-८३ चा एल् निनो. त्या काळात मध्य पॅसिफिकमधील ख्रिसमस बेटावरच्या, म्हणजे किरिटिमाटीवरच्या, लक्षावधी समुद्रपक्ष्यांनी बेट सोडून दिले. आजूबाजूच्या समुद्रातील अन्न नाहीसे झाले होते. मागे राहिलेली पिले उपाशी मेली. प्रजोत्पादन जवळजवळ पूर्णतः फसले. परंतु पुढे समुद्र पूर्वस्थितीवर आला, तेव्हा पुष्कळ प्रौढ पक्षी परत आले आणि पुन्हा घरटी करू लागले. व्याज बुडाले, मुद्दल राहिले. अधूनमधून येणाऱ्या संकटासाठी ही रीत उत्तम होय. संकट जर वर्षानुवर्षे येऊ लागले, किंवा ते मुद्दलावरच येऊन पडले, तर काय होते, हा प्रस्तुत लेखाचा खरा प्रश्न आहे.

३

प्रथम देहाचा विचार करू. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. त्यांच्या देहाचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास असते, आणि ते फार वाढणे जीवघेणे असते. उष्णता बाहेर टाकण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला कोरडा: पाय, चोच इत्यादी उघड्या अवयवांकडे रक्तप्रवाह वाढवून उष्णता हवेत सोडणे. गुच्छ पफिन या पक्ष्यावर झालेल्या मोजणीत असे आढळले की, त्याची चोच देहाच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे ६ टक्केच असते. परंतु उड्डाणानंतर होणाऱ्या एकूण उष्णताविनिमयापैकी १० ते १८ टक्के वाटा तिचा असतो. जी चोच आपण शोभेची समजतो, ती अशा रीतीने उष्णता टाकण्याचेही साधन ठरते. मात्र हा मार्ग भोवतालची हवा देहापेक्षा थंड असेपर्यंतच उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग ओला आहे. पक्षी तोंड उघडून धापा टाकतो. पाणकावळे, बूबी, झोळीवाले इत्यादी पक्षी याशिवाय गळ्याखालील सैल त्वचा अतिशय वेगाने थरथरवितात. त्यामुळे आतील ओलसर पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता देहाबाहेर जाते. बूबी आपल्या पायांवर पातळ विष्ठा सोडून तिच्या बाष्पीभवनानेही पाय थंड करतो. साधन ओंगळ वाटले तरी पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ते मडक्यातील पाणी गार होण्याहून वेगळे नाही.

परंतु मडक्याला जसे पाणी लागते तसे येथेही लागते, आणि समुद्रपक्ष्याला भोवताली मिळते ते खारे पाणी. हा पेच त्याने कसा सोडविला, ते क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांवर लवणग्रंथी असतात. रक्तातील अतिरिक्त मीठ त्या समुद्रजलापेक्षाही अधिक खारट अशा द्रवाच्या रूपाने नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. म्हणून समुद्रपक्षी समुद्राचे पाणी पिऊन जगू शकतो. पण त्यासाठी समुद्रावर जावे लागते. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याजवळ देहात असेल तेवढीच पाण्याची पुंजी असते, आणि प्रत्येक धापेसरशी ती थोडी थोडी खर्च होत जाते. उष्णतेचे ऋण फेडले जाते ते पाण्याच्या खात्यातून. देहाच्या पातळीवरील ‘तग धरणे’ म्हणजे हे होय.

हे खाते सर्वांचे सारखे नसते. कॅनडाच्या उत्तरेस हडसन उपसागराच्या तोंडाशी कोट्स बेट आहे. तेथील कड्यांवर जाड चोचीचे गिलेमॉट अंडी घालतात. मॅक्गिल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, या पक्ष्यांत उष्णतेच्या ताणाची लक्षणे अवघ्या २१ अंश सेल्सियसच्या आसपासही दिसू लागतात. बाष्पीभवनाने उष्णता टाकण्याची त्यांची क्षमता फारच तोकडी आहे. धापा टाकण्याच्या श्रमानेच देहात जी नवी उष्णता उत्पन्न होते, तिच्या मानाने बाहेर जाणारी उष्णता अल्प असते. पुण्यामुंबईच्या वाचकास २१ अंश ही हिवाळ्यातील सकाळ वाटेल. ‘उष्ण’ हा शब्द निरपेक्ष नाही, तो देहसापेक्ष आहे, हे यावरून कळते. याच बेटावरील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तर असे नोंदविले आहे की, ऊन आणि डासांचे थवे यांचा एकाच वेळी मारा झाला असता कित्येक अंडी वाया गेली आणि काही प्रौढ पक्षी घरट्याच्या जागीच मरण पावले.

४

देहाची पुंजी अपुरी पडू लागली म्हणजे वर्तनाची पाळी येते. उन्हात बसलेला पक्षी पाठ सूर्याकडे करतो, पंख सैल सोडतो, पिसे विस्कारून वारा आत घेतो. घरट्यातील पिलाला तो आपल्या सावलीत ठेवतो. सुरयांच्या काही जाती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देतात. हे सर्व उपाय खरोखरच उपयुक्त आहेत. परंतु प्रत्येक उपायास वेळ लागतो, आणि घरट्यावरचा वेळ हाही एका मर्यादित खात्यातूनच खर्च होतो.

शेटलंड द्वीपसमूहातील फूला बेटावर मोठ्या स्कुआंचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हा हिशोब स्पष्ट दिसतो. हवा उबदार झाली म्हणजे हे पक्षी गोड्या पाण्यात स्नान करावयास जातात. अन्न विपुल असेल तर एक पक्षी स्नानाला जातो आणि दुसरा पिलाजवळ थांबतो. काही बिघडत नाही. अन्न दुर्मिळ असेल तर जोडीदार आधीच दूर समुद्रावर गेलेला असतो. मग घरट्यावरचा पक्षी स्नानाला गेला की पिलू एकटे पडते, आणि शेजारचे स्कुआच त्याला मारून खातात. येथे उष्णतेने पिलू मेले असे म्हणता येत नाही. भुकेने मेले असेही म्हणता येत नाही. प्रौढ पक्ष्याने उष्णतेशी ‘जुळवून घेतले’, आणि त्याचे मोल पिलाने दिले. आपल्या क्रियापदात ज्याला स्थान नाही, तो हा तिसरा घटक होय.

याहून कठीण प्रसंग अर्जेंटिनातील पुंता तोंबो येथे घडला. तेथील मॅगेलन पेंग्विनांच्या वसाहतीचा अभ्यास १९८२ पासून अखंड चालू आहे. १९ जानेवारी २०१९ रोजी तेथे सावलीतील तापमान ४४ अंश सेल्सियसवर गेले. त्या स्थळी नोंदले गेलेले हे सर्वांत अधिक तापमान होय. त्या एका उष्णतेच्या झटक्यात किमान ३५४ पेंग्विन मेले. त्यांत २६४ प्रौढ आणि ९० पिले होती. प्रौढांपैकी पुष्कळजण पाण्यावाचून मेले असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. समुद्र दूर नव्हता. पण घरटे सोडून उन्हातून चालत तिथवर जावयाचे होते. जे वेळीच निघाले त्यांना पाणी मिळाले. मृतांत प्रौढांची संख्या पिलांच्या जवळजवळ तिप्पट असावी, ही या घटनेतील विशेष चिंतेची बाब होय. येथे व्याज नव्हे, मुद्दल बुडाले.

वर्तनाला जागेचीही साथ लागते, हे दक्षिण आफ्रिकेच्या पेंग्विनांवरून दिसते. हे पक्षी पूर्वी बेटांवर साचलेल्या पक्षिविष्ठेच्या जाड थरांत, म्हणजे ‘ग्वानो’त, बिळे खणून अंडी घालीत, आत ऊन लागत नसे. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हे थर खरवडून नेण्यात आले. तेव्हापासून पुष्कळ पेंग्विनांना उघड्यावर वा झुडपांखाली बसावे लागते, आणि फार ऊन झाले म्हणजे अंडी टाकून समुद्राकडे जावे लागते. अलीकडे त्यांच्यासाठी कृत्रिम घरटी ठेवण्यात येत आहेत. म्हणजे जुळवून घेण्याची जी सोय या पक्ष्यांजवळ होती, ती हवामान तापण्यापूर्वीच माणसाने काढून घेतली होती. २०२४ मध्ये ही जाती अतिसंकटग्रस्त म्हणून घोषित झाली. तिच्या ऱ्हासाचे मुख्य कारण मात्र अन्नाची टंचाई हे आहे. म्हणून आता अन्नाकडे वळणे क्रमप्राप्त आहे.

५

पृथ्वीवर साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने शोषून घेतली आहे. समुद्रपक्ष्यांवर या उष्णतेचा सर्वांत मोठा आघात उन्हाच्या रूपाने होत नाही, तो माशांच्या रूपाने होतो. पक्ष्याचा देह स्वतःचे तापमान स्थिर राखतो, पण माशाचा देह पाण्याबरोबर तापतो. पाणी तापले की मासे खोल जातात, थंड पाण्याकडे सरकतात, किंवा हाडकुळे होतात.

२०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिकमध्ये उष्ण पाण्याचा एक अवाढव्य पट्टा टिकून राहिला. शास्त्रज्ञांनी त्याला ‘ब्लॉब’, म्हणजे ‘गोळा’, असे नाव दिले. पाणी तापल्याने कॉडसारख्या मोठ्या भक्षक माशांचा चयापचय वाढला आणि त्यांची भूक वाढली. त्याच वेळी लहान मासे संख्येने आणि कसाने कमी झाले. सामान्य गिलेमॉट या दोहोंच्या मध्ये सापडला. या पक्ष्याला रोज आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक अन्न लागते, आणि तीन ते पाच दिवस उपास घडला तर तो मरतो. २०१५-१६ च्या हिवाळ्यात सुमारे ६२,००० मृत वा मरणोन्मुख गिलेमॉट किनाऱ्यांवर वाहून आले. २०२४ मध्ये वसाहतींतील मोजणीच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या अनुमानाप्रमाणे अलास्कातील सुमारे ४० लाख गिलेमॉट, म्हणजे तेथील जवळजवळ निम्मी संख्या, या काळात नष्ट झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत ती भरून आलेली नाही. किरिटिमाटीवर जी रीत उपयोगी पडली, ती येथे पडली नाही. कारण घरटे सोडून जावे असा सुस्थितीतील समुद्रच आवाक्यात उरला नव्हता.

अन्न बदलणे हा जुळवून घेण्याचा सर्वांत सरळ मार्ग दिसतो. परंतु बदललेले अन्न पोटात गेले पाहिजे. २०१२ मध्ये मेन आखातातील पाणी असाधारण तापले, आणि तेथील पफिनांना नेहमीच्या हेरिंगऐवजी दक्षिणेकडून आलेला बटरफिश मिळू लागला. प्रौढांनी तो इमानाने पिलांकडे नेला. पण हा मासा रुंद असतो. पिलांच्या घशाखाली तो उतरेना, आणि काही पिले माशांच्या ढिगाशेजारी उपाशी मेली. उत्तर समुद्राच्या परिसरात २००४ नंतरच्या काही वर्षांत असेच घडले: तेथे वाळूमाशांऐवजी सर्पनळी नावाचा कठीण, निःसत्त्व मासा पिलांना भरविला गेला. दोन्ही ठिकाणी पालकांनी वर्तन बदलले होते. ‘जुळवून घेतले’ हे वाक्य त्यांच्यापुरते खरे होते.

६

जागा आणि अन्न यांनंतर तिसरा मार्ग वेळ बदलण्याचा. मासे लवकर येऊ लागले तर अंडीही लवकर घालावीत, हे सुचणे सोपे आहे. २०१८ मध्ये एका व्यापक अभ्यासात जगभरच्या समुद्रपक्ष्यांच्या १४५ प्रजननसमूहांची १९५२ ते २०१५ या काळातील नोंद तपासण्यात आली. सरासरीने पाहता, समुद्रपृष्ठाचे तापमान बदलले तरी या पक्ष्यांनी आपला विणीचा हंगाम हलविलेला नाही, असे त्यात आढळले. दिनमान, दूरचा प्रवास, देहाची तयारी यांवर हंगाम बांधलेला असेल, तर मासे आपले वेळापत्रक बदलतात हे पक्ष्याला किनाऱ्यावर पोचण्यापूर्वी कळणार कसे? सण पंचांगाप्रमाणे आणि पीक पावसाप्रमाणे, असा हा प्रकार आहे. दोहोंची गाठ पडेलच असे नाही.

ज्यांनी वेळ बदलला त्यांचीही कथा सरळ नाही. अलास्काच्या उत्तर टोकाजवळील कूपर बेटावर काळ्या गिलेमॉटांचा अभ्यास १९७५ पासून चालू आहे. या पक्ष्याला पिलू वाढविण्यासाठी जवळजवळ तीन महिने बर्फमुक्त जमीन लागते. हवामान उबदार होऊ लागले तसा बर्फ लवकर वितळू लागला, पक्षी लवकर अंडी घालू लागले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे २०० हून अधिक जोड्या झाल्या. तापमानवाढीने येथे प्रथम लाभच झाला. पुढे समुद्रावरील बर्फ उन्हाळ्यात किनाऱ्यापासून दूर सरकू लागला आणि त्याच्या आश्रयाने राहणारा ध्रुवीय कॉड मासाही दूर गेला. बर्फाअभावी किनाऱ्यावर आलेली ध्रुवीय अस्वले घरटी उद्ध्वस्त करू लागली. वसाहत पुन्हा ओसरू लागली. म्हणून ‘अमुक जातीस लाभ झाला’ या विधानाला नेहमी तारीख जोडली पाहिजे. दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे बेटांवरील भटक्या अल्बट्रॉसांनाही असा लाभ झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. वारे बळावल्याने त्यांच्या फेऱ्या लवकर पुऱ्या होऊ लागल्या, वजन वाढले, प्रजनन सुधारले. परंतु तेच वारे आणखी दक्षिणेस सरकले तर हा लाभ टिकेलच असे नाही, हे त्याच अभ्यासकांनी नमूद केले आहे.

७

आता तिसरी संज्ञा, अनुकूलन. व्यक्तींना जे साधत नाही ते जातीला पिढ्यांच्या ओघात साधेल, अशी आशा व्यक्त केली जाते. तत्त्वतः ती निराधार नाही. परंतु ज्या आयुष्यक्रमामुळे हे पक्षी वाईट वर्षे निभावून नेतात, तोच आयुष्यक्रम येथे आड येतो. जो पक्षी पाच वा दहा वर्षांनी प्रथम अंडे घालतो आणि वर्षाला एकच घालतो, त्याची एक पिढी पालटावयास दशक वा त्याहून अधिक काळ लागतो. समुद्र मात्र दशकाच्या आत बदलतो. शिवाय अनुकूलनास निवड करावयास पिले लागतात. व्याज वर्षानुवर्षे सोडले जात असेल तर निवड कशातून होणार?

यातच मोजणीतील एक फसवी बाब आहे. प्रौढ पक्षी दीर्घायुषी असल्याने प्रजनन फसत असतानाही वसाहत अनेक वर्षे भरलेली दिसते. बेलिंग्सहाउसेन समुद्रात २०२२ मध्ये बर्फ अकाली फुटल्याने सम्राट पेंग्विनांच्या पाच ज्ञात वसाहतींपैकी चार वसाहतींतील सर्व पिले बुडाली असावीत असे उपग्रहचित्रांवरून दिसले. त्यांची जलरोधक पिसे अद्याप उगवलेली नव्हती. अशा घटनेनंतरही पुढल्या वर्षी प्रौढ येतातच, आणि प्रौढांची संख्या मोजणाऱ्यास सर्व ठीक वाटते. ‘पक्षी तग धरून आहेत’ आणि ‘जाती तग धरून आहे’ ही दोन वाक्ये एक नव्हेत.

हे सारे दूरदेशीचे वाटू नये. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सहभागी होऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम हिंदी महासागरातील सागरी उष्णतेच्या लाटा वाढत असल्याचे दाखविले आहे. आपल्या किनाऱ्यासमोरील वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरय उघड्या दगडावर अंडी घालतात. तेथे सावली म्हणजे पालकाचा देह, आणि पाणी व अन्न म्हणजे भोवतालचा अरबी समुद्र. वर सांगितलेली सर्व खाती त्या लहानशा खडकावरही उघडलेली आहेत.

८

या विवेचनाचा निष्कर्ष असा. समुद्रपक्षी उष्णतेपुढे असहाय नाहीत. देह आणि वर्तन यांची विपुल साधने त्यांच्याजवळ आहेत. परंतु प्रत्येक साधन म्हणजे एका खात्यातील ऋण दुसऱ्या खात्यात नेणे होय: उष्णतेचे ऋण पाण्यावर, पाण्याचे वेळेवर, वेळेचे पिलावर. ही हलवाहलव चालू असेपर्यंत आपण ‘जुळवून घेतले’ म्हणतो. शेवटच्या खात्यावर, म्हणजे प्रौढाच्या आयुष्यावर, ऋण येऊन पोचले की ती थांबते.

म्हणून मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने ‘जुळवून घेणे’ हे क्रियापद योजताना तीन प्रश्नांची उत्तरे त्याच परिच्छेदात द्यावीत, अशी सूचना करावीशी वाटते: मोल काय होते? ते कोणी दिले? आणि ते आणखी किती काळ देता येईल? ‘अनुकूलन’ हा शब्द पिढ्यांच्या ओघात घडणाऱ्या बदलासाठीच राखावा. एका ऋतूतील वर्तनबदलास तो लावू नये. ‘तग धरणे’ या वाक्प्रचारात शेवट गृहीत असतो, कारण तग ही संपणारी वस्तू आहे. तो गुण टाकून देऊ नये.

हा आग्रह केवळ शब्दशुद्धीचा नाही. प्रश्न नीट विचारला की उपायही दिसू लागतात, कारण ऋण जेथे साचते तेथेच भार हलका करता येतो. समुद्राचे तापमान आपणांस एका वर्षात उतरविता येणार नाही. पण स्कुआच्या उदाहरणावरून दिसते की, अन्न पुरेसे असेल तर तीच उष्णता पिलाला मारक ठरत नाही. उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडील भागात आणि स्कॉटलंडच्या सर्व समुद्रात २०२४ पासून वाळूमाशांची मासेमारी बंद करण्यात आली, ती याच विचाराने. ‘पक्षी जुळवून घेतील’ एवढ्यावर जो थांबतो त्याला असा उपाय सुचत नाही. कारण त्याच्या वाक्यात मोल देणाऱ्याला जागाच नसते.